सीटमधली घडी

विनया गेली हे चंद्रशेखर दिवेकरांना कळलं ते मंगळवारी दुपारी, बँकेतल्या फोनवर. हजरतगंजच्या शाखेत तेव्हा कॅश मोजून होत आली होती. पलीकडून एक बाई म्हणाली, "आपकी मिसेज़ की पर्स में यह नंबर मिला है, आप फ़ौरन आ जाइए." रायबरेली रोडवरच्या हॉस्पिटलातून फोन होता. दिवेकर पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेलीबागेच्या चौकात त्या प्रवासी टेम्पोतून उतरल्या, चार पावलं चालल्या आणि खाली बसल्या. तिथल्या एका फळवाल्याने रिक्षात घालून आणलं.

दिवेकरांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "तेलीबाग?"

पुढे कित्येक दिवस त्यांना याची लाज वाटत राहिली. बायको समोर चादरीखाली आहे आणि माणूस विचारतो काय, तर तेलीबाग. पण प्रश्न खरा होता. दिवेकर राहायचे आलमबागेत. मिरजेहून लखनौला बदली होऊन आल्याला तीन वर्षं झाली होती. विनयाची भाजी, वाणी, पोस्ट सगळं आलमबागेतच. मराठी मंडळींची हळदीकुंकवं व्हायची ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. तेलीबागेत त्यांचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं.

हॉस्पिटलने पर्स हातात दिली. तिच्यात टेम्पोचे सुटे पैसे, रुमाल, चष्म्याचं घर आणि कागदात गुंडाळलेला एक जुना स्टीलचा चमचा होता. चमच्याचा दांडा मुद्दाम वाकवलेला होता. दिवेकरांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत कागदात गुंडाळला.

पुण्याहून सावनी आली. तेराव्यापर्यंत राहिली. ती नोकरी करणारी, बोलायला फटकळ मुलगी.

"बाबा, आई तिथे कुणाकडे जायची?"

"मला नाही माहीत."

"म्हणजे कधी विचारलंच नाहीत?"

"अगं, ती जाते हे माहीत असतं तर विचारलं असतं ना."

"संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही दोघं बोलायचात तरी काय?"

 बोलायचे ते. डाळ, गॅसचा नंबर, सावनीचं लग्न. दुपारी काय केलंस, हे मात्र कधी विचारल्याचं आठवत नव्हतं.

सावनी गेल्यावर ते स्कूटरवरून तीनदा तेलीबागेत जाऊन आले. तो फळवाला सापडला. भला माणूस. पैसे देऊ केले तर त्याने हात जोडले. म्हणाला, "बहनजी तो हर मंगल को आती थीं. लौटते में हमसे अमरूद लेती थीं."

दर मंगळवारी! दिवेकर चक्रावले. मंगळवारी घरात पेरू असायचे, हे आता त्यांच्या ध्यानात आलं.

"कुठल्या बाजूने यायच्या?"

"उधर से," असं म्हणत फळवाल्याने हात फिरवला. त्या हाताखाली अर्धं तेलीबाग आलं. दिवेकर त्या अर्ध्या तेलीबागेतून फिरले. शाळा पाहिली, देऊळ पाहिलं, एक होमिओपॅथ गाठला. कुठे काही धागा लागेना.

फेब्रुवारीत बदलीची ऑर्डर आली. त्यांनीच मागितली होती, मिरजेला परत. अठ्ठावीस तारखेचं रेल्वेचं तिकीट काढलं. वीस दिवस राहिले. आणि मग तो प्रश्न रात्रंदिवस पाठ सोडेना. इथून एकदा हललो की संपलं. तिकडे कुणाला विचारणार? आपली बायको दर मंगळवारी कुठे जायची, हे आपल्याला मरेपर्यंत कळणार नाही.

सामानाची बांधाबांध सुरू झाली. गाडी विकायची ठरली. पांढरी मारुती, रविवारपुरती बाहेर निघणारी. दिवेकर बँकेत स्कूटरने जात आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी असे. घेणारे त्यांच्याच शाखेतले गोपीनाथ शुक्ला. त्यांनी गाडी फिरून पाहिली, मागची सीट दाबून पाहिली आणि म्हणाले, "सब बढ़िया है दिवेकर साहब, बस यह पीछे वाली सीट ज़रा ठीक करवा दीजिए. श्रीमतीजी वहीं बैठेंगी, रोज़ सुनाएँगी."

ती सीट म्हणजे जुनं दुखणं होतं. पावणेदोन वर्षांपूर्वी, जून महिन्यात दिवेकर पतीपत्नी मलिहाबादेहून दसेरी आंब्यांची लाकडी पेटी घेऊन आले. पेटी मागच्या सीटवर ठेवली होती. दिवेकरांना वाटलं विनयाने उतरवून घेतली. विनयाला वाटलं यांनी घेतली. पुढचे पाच दिवस दिवेकर कानपूरला ऑडिटला. लखनौचा जून, वर ताडपत्री. गाडीची भट्टी झाली. पेटी काढली तेव्हा सीटच्या रेग्झिनवर आडवी घडी पडलेली होती आणि बाजूच्या पॅनलला, पेटीचा कोपरा टेकला होता तिथे, खळगा. आंबे वाया गेले ते वेगळंच.

दिवेकर तेव्हा फार बोलले होते. शेवटी म्हणाले होते, "तुला वस्तूंमधलं काही म्हणजे काही कळत नाही." विनयाने उलट उत्तर दिलं नव्हतं. विषय तिथेच संपला, असं त्यांना वाटलं होतं.

तर या सीटसाठी गाडी घेऊन दिवेकर इथल्या लालबागेत गेले. मोटारींची सगळी कामं तिथे होतात. नब्बन मियाँ हा सीटांचा जुना कारागीर, असं शुक्लांनी सांगितलं होतं. पण तो शुक्रवार निघाला. नब्बन मियाँ नमाजाला गेलेले, दुकानाचं फळकूट अर्धं ओढलेलं. शेजारच्या बॅटरीवाल्याने गाडीची किल्ली ठेवून घेतली आणि म्हणाला, काय काम आहे ते लिहून ठेवा. दिवेकरांना बँकेत पोचायची घाई. त्यांनी स्लिपबुकातला कागद फाडला आणि लिहिलं:

"पीछे की सीट में एक बड़ी घडी पडी है और किनारे में एक छोटी. दोनों निकाल दीजिए. शाम को आता हूँ."

तीन वर्षं लखनौत काढलेल्या माणसाने असं लिहायला नको होतं. पण बँकेतल्या हिंदीत 'ब्याज' येतं, 'खाता' येतं, रेग्झिनवर पडलेल्या घडीला काय म्हणतात हे येत नाही. मनात मराठी वाक्य होतं, सीटवर घडी पडली आहे. तेच हिंदीचा सदरा घालून कागदावर उतरलं.

संध्याकाळी सहाला ते परत आले तर दुकानापुढे गर्दी. बॅटरीवाला, चहावाला, दोन रिकामटेकडे. गाडीचे चारही दरवाजे उघडे. मागची सीट उचकटून फुटपाथवर ठेवलेली, तिचं कव्हर सोलून बाजूला, फोम उघडा. बाजूचं पॅनलही काढलेलं. मधोमध पांढऱ्या दाढीचा किरकोळ अंगाचा म्हातारा उभा. घामाने डबडबलेला.

दिवेकरांना पाहताच तो पुढे आला.

"हुज़ूर, आप ही दिवेकर साहब? देखिए, चालीस बरस से इसी गली में बैठा हूँ. आज तक किसी की सुई इधर से उधर नहीं हुई. पूछ लीजिए इनसे."

"हाँ हाँ, बिल्कुल," बॅटरीवाला म्हणाला.

"काय झालं?" दिवेकर घाबरून मराठीतच बोलले.

"सीट खोल डाली, फ़ोम झाड़ डाला, पैनल उतार दिया. क़सम ले लीजिए, घड़ी नहीं निकली. न मर्दाना, न ज़नाना."

"मर्दाना?"

नब्बन मियाँनी खिशातून कागद काढला. "यह आप ही ने लिखा है न? एक बड़ी, एक छोटी. हम समझे एक आपकी, एक बेगम साहिबा की."

दिवेकर कागदाकडे पाहत राहिले आणि मग डोक्यात उजेड पडला. घडी! हिंदीत ड खाली टिंब दिलं की ते घड्याळ, आणि टिंब देण्याचं तर इथेही निम्मे लोक विसरतात. त्यांनी रुमाल काढला, त्याची घडी घातली, उलगडला आणि मधली रेघ बोटाने दाखवली. "यह! हमारे यहाँ इसको घडी कहते हैं. घड़ी नहीं, घडी!"

 मग चहावाला असा हसला की त्याला किटली खाली ठेवावी लागली.

"लाहौल विला!" नब्बन मियाँनी कपाळावर हात मारला. "हुज़ूर, इसे सिलवट कहते हैं. शिकन कह लीजिए. आपने तो आज हमको चोर बना दिया था. दोपहर से रोटी हलक़ से नहीं उतरी."

दिवेकरांनी हात जोडून माफी मागितली. चहा सांगितला. म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला आणि मग त्याचा आवाजच बदलला. तो सोललेलं कव्हर हातात घेऊन बसला आणि म्हणाला, चोरीचं राहू द्या, पण आता मला एक सांगा. ही सीट आधी कुणाकडून करून घेतलीत?

"कुणाकडूनच नाही. कंपनीतून आली तशीच आहे."

"वैसी कैसे होगी? यह देखिए."

त्याने कव्हर उलटं केलं. रेग्झिनच्या मागच्या कापडावर तीन ठिकाणी मलमलीचे तुकडे शिवलेले होते, वरून काही दिसू नये असे. कव्हर जिथे तारेच्या कड्यांनी खालच्या चौकटीला बांधलेलं असतं तिथे अर्ध्या कड्यांच्या जागी काळे आकडे वाकवून अडकवले होते. बायका केसांना लावतात ते.

"अब बताइए, यह किसी मिस्त्री का काम है? मिस्त्री बालों की पिन लगाएगा?"

मग त्याने फोमच्या खोबणीतून काढून ठेवलेली एक गोष्ट दिली. बशीएवढी चपटी गादी. मलमलीची, आत शेवरीचा कापूस भरलेला. फोम दबला होता तिथे ती खालून बसवलेली होती.

"यहाँ तीन सिलवटें और थीं," नब्बन मियाँ बोट ठेवत म्हणाला. "निकाल दी गईं. और क्या सफ़ाई से! ऊपर से मैं भी नहीं पकड़ पाता. बड़ी वाली रह गई, किनारे वाली आधी है. किसी ने काम शुरू किया और बीच में छोड़ दिया."

दिवेकर मुळापासून आठवू लागले. पेटी काढली तेव्हा घड्या किती होत्या? एक की चार? त्यांना काही सांगता येईना. बोलले एवढं, पण नीट पाहिलं नव्हतं.

"पडलेली घडी काढतात कशी?" त्यांनी विचारलं.

असा प्रश्न कारागिराला विचारला की तो दुसऱ्याच्या लग्नातही उठून दाखवेल. नब्बन मियाँने पॅनल मांडीवर घेतलं. चहावाल्याकडून गरम पाणी आलं. फडकं भिजवून, पिळून त्याने खळग्यावर ठेवलं, आपल्या गालाला लावून पाहिलं, पुन्हा ठेवलं. रेग्झिनवर थेट आच द्यायची नाही. चकाकी येते, वरची बारीक नक्षी म्हणजे दाणा, तो मरतो आणि मेलेला दाणा परत येत नाही. फक्त ऊब द्यायची. ऊब लागली की ते मऊ होतं आणि जसं घडलं होतं तसं परत व्हायला बघतं. आपण नुसती वाट दाखवायची. मग ताबडतोब थंड फडकं ठेवायचं, म्हणजे तिथेच थांबतं.

"और रास्ता दिखाते हैं इससे," असं म्हणून त्याने डब्यातून एक चमचा काढला.

जुना स्टीलचा चमचा. दांडा वाकवलेला. नब्बन मियाँ त्याच्या पाठीने खळग्याच्या कडेकडेने गोल फिरवू लागला, बाहेरून आत, हलक्या हाताने. खळगा हळूहळू उथळ होत होता. पण दिवेकर खळग्याकडे पाहत नव्हते.

"असा चमचा अजून कोण वापरतं?"

"हमारे उस्ताद का तरीक़ा है हुज़ूर. उनके दो ही शागिर्द थे. एक मैं, दूसरा था रामसजीवन, वह गुज़र गया. अब उसकी बीवी काम करती है. यह सेमल की रुई वाली गद्दी लगाना तो उसी घर की चाल है, मैं तो फ़ोम काट के भर देता हूँ. लीलावती नाम है."

"कुठे राहते?"

"तेलीबाग. पानी की टंकी के पीछे वाली गली."

दिवेकर उठून उभे राहिले. मग परत बसले. चहा थंड झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बँक अर्धा दिवस. दुपारी ते टाकीमागच्या गल्लीत शिरले. या गल्लीच्या तोंडावरून ते आधी दोनदा गेले होते. एका घराच्या ओट्यावर टेम्पोच्या सीटांची चळत आणि तिच्यामागे पन्नाशीची बाई, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, तोंडात खिळे धरून फळीवर रेग्झिन ताणत बसलेली.

"स्कूटर की है तो सोमवार को मिलेगी," ती वर न बघता म्हणाली.

दिवेकरांनी खिशातून ती कापसाची गादी काढून तिच्यापुढे धरली.

लीलावतीने खिळे तोंडातून काढले. गादी हातात घेतली, टाके पाहिले आणि तिचा चेहरा फुलला. "अरे, यह तो दीदी की है! देखिए, टाँका उल्टा लेती हैं. दस बार टोका मैंने. कहती हैं, हमारे गाँव में ऐसे ही लेते हैं." मग तिने दिवेकरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हाय राम. आप साहब हैं!"

"हो. म्हणजे, हाँ."

"बैठिए, बैठिए. तो आपको पता चल गया? सब मज़ा ख़राब हो गया दीदी का."

दिवेकर टेम्पोच्या सीटवर बसले. आणि मग त्यांनी विचारलं, इतक्या महिन्यांत कुणालाच विचारता आलं नव्हतं ते. ती इथे काय करायची?

लीलावतीला सांगायला आवडतच होतं. दीदी एकदा चारबागला जाताना टेम्पोत बसली. सीटवर एक चुणी नाही. टेम्पोवाल्याला विचारलं, कुणी केली? त्याने नाव सांगितलं. दुसऱ्या मंगळवारी ती दारात हजर. "मैंने कहा, गाड़ी ले आइए, कर दूँगी. बोलीं, गाड़ी तो साहब चलाते हैं. फिर बोलीं, करना नहीं है, सिखा दो. मैंने कहा, आप बैंक वाले लोग, यह सीखकर क्या करेंगी? हँसने लगीं. कहने लगीं, साहब कहते हैं मुझे चीज़ों की समझ नहीं है. देखूँ तो सही, इसमें समझने का है क्या!"

दिवेकर खाली बघत होते. ओट्यावर रेग्झिनच्या कातरणी पडल्या होत्या.

"रागावली होती का?" त्यांनी विचारलं. मग लक्षात आलं की इकडे राग म्हणजे गाण्याचा. "ग़ुस्सा थीं?"

"अरे नहीं! ग़ुस्से में कोई सवा साल आता है? उन्हें तो मज़ा आता था. इतने सवाल पूछती थीं कि मेरा सर दुख जाता. रेक्सीन नरम क्यों पड़ता है, दाना कैसे पड़ता है, सूई टेढ़ी क्यों. मुझसे ज़्यादा तो अब वही जानती हैं." लीलावती हसली. घरी दुपारी सीट बाहेर काढून थोडं थोडं काम करायची आणि मंगळवारी येऊन सांगायची. तीन झाल्या. छोटी अर्धी झाली. मोठी शेवटी ठेवली होती, कारण तिला खालून वाफ द्यावी लागते आणि ते तिला शिकायचं होतं. "कहती थीं, पूरा हो जाए तो एक इतवार साहब को पीछे बिठाऊँगी और पूछूँगी, बताइए, कहाँ थी?"

एवढं बोलून ती थांबली. "मगर हैं कहाँ? चार महीने हो गए. उस मंगल को मैं पानी चढ़ाकर बैठी रही. वही भाप वाला काम सिखाना था. आईं ही नहीं. उसी दिन चौक पर कोई बेचारी मास्टरनी गिर पड़ी थी, गली में बड़ा हल्ला था. मैं तो देखने भी नहीं गई कि कहीं दीदी आकर लौट न जाएँ."

दिवेकरांनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. हिंदीत सोपं आहे ते, तीन शब्दांचं, आणि या चार महिन्यांत त्यांनी ते दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. पण ही बाई समोर हसत होती. सवा वर्षातले सगळे मंगळवार हिच्याकडे होते आणि त्या मंगळवारांत विनया अजून फक्त उशीर करत होती.

"मिरज गई हैं," दिवेकर म्हणाले. "हमारा गाँव."

"मैं भी यही सोचती थी. कब आएँगी?"

"देखते हैं."

"अच्छा, तो उनसे एक बात कह दीजिएगा." लीलावतीने चष्मा सारखा केला. "मैंने कहा था, भाप के लिए पानी ख़ूब खौलाना. ग़लत कहा था. उस दिन मैंने ख़ुद करके देखा, दाना बैठ गया. खौलने से पहले उतार लें. कहिएगा, लीलावती ने ख़ुद माना है कि उसकी ग़लती थी. ख़ुश हो जाएँगी."

"सांगतो," दिवेकर म्हणाले. तिने ती गादी परत दिली. चहा घ्यायचा आग्रह केला. त्यांनी घेतला. निघताना ती म्हणाली, "साहब, हाथ है उनके पास. सच में."

सोमवारी नब्बन मियाँने गाडी तयार करून दिली. मोठी घडीही गेली होती. त्याने ती खालून वाफ देऊन काढली आणि पाणी खळखळू द्यायचं नाही, हे दिवेकरांनी त्याला सांगितलं. "आपको किसने बताया?" असं म्हणत म्हातारा नवलाने बघत राहिला. शुक्लांनी गाडी नेली. रात्री दिवेकरांनी सावनीला एसटीडीवरून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, चमच्यासकट.  मग ती म्हणाली, "आणि त्या बाईंना कधी सांगणार?"

"जाईन ना," दिवेकर म्हणाले.

मंगळवारी ते तेलीबागेत गेले. टाकीपर्यंत गेले. गल्लीतून लीलावतीचा हातोडा ऐकू येत होता. ते थोडा वेळ उभे राहिले आणि स्कूटर वळवून परत आले. गुरुवारीही तसंच झालं.

अठ्ठावीस तारखेला सामान ट्रकमध्ये चढलं आणि संध्याकाळी दिवेकर रेल्वेत बसले. विनया गेली, हे लीलावतीला सांगायचं राहिलं आहे.